अंगठा असेल तर

मधुकररावांचा आवाज म्हणजे वर्ध्यातल्या त्या शिक्षण संस्थेचं भूषण, असं निदान मधुकररावांना तरी वाटायचं. पंधरा ऑगस्ट असो, स्नेहसंमेलन असो की कुणाची शोकसभा, माइकपुढे तेच. ते संस्थेचे सचिव होते, त्याआधी कन्या वसतिगृहाचे प्रमुख होते, आणि वसतिगृहात कोणती मुलगी घ्यायची हे मुलाखत घेऊन अजूनही तेच ठरवत. पडद्यावरच्या स्लाइड दुसऱ्यानं करायच्या आणि मधुकररावांनी त्या वाचायच्या, अशी तिथली रीतच पडून गेली होती. आधी नजर टाकायची भानगड नाही. "वाचण्यात जान असली की तयारी लागत नाही," असं ते म्हणायचे. मागच्या वर्षी एका कारकुनाकडून स्लाइडवर 'येथे मा. अध्यक्षांचा फोटो टाकणे' असं तसंच राहून गेलं, तर तेही त्यांनी भर सभागृहात खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. लोक हसले. मधुकररावांना वाटलं, दाद मिळाली.

सोनम मडावी तेव्हा हसली नव्हती. मागच्या रांगेत बसून तिनं ती गोष्ट मनात जपून ठेवली.

सोनम त्याच संस्थेच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. चार वर्षं झाली, नेमणूक कंत्राटीच. कायम जागेची मुलाखत मार्चमध्ये व्हायची होती आणि मुलाखत घेणार होते, अर्थात, मधुकरराव. घर गिरडच्या पलीकडच्या गावात, गोंडांच्या मोहल्ल्यात. वडील ती लहान असतानाच गेले. आई रामबाई वनखात्याच्या रोपवाटिकेत मजुरीला जाऊन दोन पोरी वाढवत राहिली. थोरली मयुरी आणि धाकटी सोनम. त्यातली हुशार मयुरी, हे गावात कुणालाही विचारा.

मयुरीनं बारावी झाल्यावर २०१२ साली या वसतिगृहासाठी अर्ज केला होता. चौऱ्याऐंशी टक्के होते. नाव लागलं नाही. गावातून निघालेली पहिली एसटी वर्ध्याला पोचायची साडेदहाला आणि परतीची शेवटची सुटायची चारला, त्यामुळे वसतिगृह नाही म्हणजे कॉलेज नाही. पुढच्या वर्षी मयुरीचं लग्न झालं. आणखी एक वर्षानं सोनमनं अर्ज केला, एकाहत्तर टक्क्यांवर, आणि तिचं नाव पहिल्याच यादीत लागलं. यादी लागली तेव्हा तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची तिला आजही लाज वाटायची. आपल्या बहिणीला या माणसानं का नाकारलं, हा प्रश्न उरात घेऊन तिनं बारा वर्षं काढली. त्याच माणसाला रोज "नमस्कार सर" म्हणताना तिच्या जिवाचा संताप व्हायचा.

जानेवारीत मधुकररावांनीच तिला बोलावून घेतलं.

"मडावी मॅडम, फेब्रुवारीत विद्यापीठाची समिती येतेय. हल्ली डेटा दाखवला की लोक गप्प बसतात. वसतिगृहाचे पंधरा वर्षांचे अर्ज कॉम्प्युटरवर घ्या आणि आपली निवड कशी नियमानं चालते ते दाखवा. ते निर्णयाचं झाड का काय असतं, येतं ना तुम्हाला?"

"येतं सर."

"मराठीत करा. पालकही येणार आहेत. वाचेन मीच."

"तुम्हीच वाचायला हवं, सर," सोनम म्हणाली. ते तिनं अगदी मनापासून सांगितलं.

वसतिगृहाचे जुने कारकून अच्युतकाका अर्जांचे गठ्ठे लॅबमध्ये आणून ठेवू लागले. बाराशे चाळीस अर्ज. एम.एससी.च्या दोन मुलींनी ते टाइप करून घेतले. गुण, गाव, अंतर, जात, उत्पन्न, शिफारसपत्र, पालकाची सही की अंगठा, आणि शेवटी निवड झाली की नाही. अर्जावर जे जे होतं ते सगळं.

हे झाड म्हणजे तसं साधं काम असतं. 'आर' नावाच्या संगणकाच्या भाषेत ते चालतं. जुने निर्णय त्याच्या पुढ्यात टाकायचे, नियम सांगायचा नाही. कोणता प्रश्न विचारला की 'होय'वाले एका बाजूला आणि 'नाही'वाले दुसऱ्या बाजूला होतात ते तो प्रोग्राम एकेक करून शोधतो आणि शोधलेले प्रश्न वरून खाली मांडून दाखवतो. निर्णय घेणाऱ्यानं तोंडानं काहीही सांगितलेलं असो, त्यानं खरोखर काय पाहून निर्णय घेतला ते तिथं दिसतं.

सोनमला खात्री होती, वरच्या चौकटीत जात येणार. त्यासाठी तिनं राग तयार ठेवला होता. एका दुपारी लॅबमध्ये तिनं प्रोग्राम चालवला, पडद्यावर झाड उमटलं आणि ती बघतच राहिली. जात नव्हतीच. गाव नव्हतं, उत्पन्न नव्हतं. सगळ्यात वरच्या चौकटीत एकच प्रश्न होता: पालकाचा अंगठा आहे का?

आपलंच काही चुकलं असं वाटून तिनं अर्धे अर्ज बाजूला काढले आणि उरलेल्यांवर पुन्हा चालवलं. तेच झाड. बाजूला काढलेल्या अर्जांवर तेच नियम लावून पाहिले, जवळजवळ सगळे निकाल जुळले. मग तिनं चित्र बंद केलं आणि नियम नुसत्या ओळींत छापायला सांगितले. चारच ओळी आल्या. त्या तिनं कागदावर मराठीत उतरवून घेतल्या.

अंगठा असेल तर: नाही.
सही असेल आणि गुण साठ किंवा जास्त असतील तर: होय.
सही असेल, गुण साठच्या खाली असतील, पण शिफारसपत्र असेल तर: होय.
सही असेल, गुण साठच्या खाली असतील आणि शिफारसपत्र नसेल तर: नाही.

अंगठ्याचे अर्ज एकशे शहाऐंशी, त्यातले एकशे एक्याऐंशी नाकारलेले. सहीवाल्यांना झाड निदान गुण तरी विचारत होतं. अंगठ्याच्या खाली पुढचा प्रश्नच नव्हता. पंचेचाळीस टक्के असोत की चौऱ्याऐंशी, तिथं ते विचारायची गरज कुणाला पडली नव्हती. आदिवासी मुलींच्या राखीव जागा दरवर्षी नियमाप्रमाणे भरलेल्या होत्या, त्यामुळे कुणी बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त त्या वनरक्षकांच्या, शिक्षकांच्या, कोतवालाच्या पोरींनी भरलेल्या होत्या.

अच्युतकाका पुढचा गठ्ठा घेऊन आले तेव्हा सोनमनं तो कागद त्यांच्या पुढे धरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे मशीननं शोधलं?" ते हळूच म्हणाले. "मले विचारलं असतं तं म्याच सांगितलं असतं, मॅडम. अंगठ्याचे फॉर्म गठ्ठ्याच्या खाली ठेवाचे, असं साहेबायनं पहिल्याच साली सांगून ठेवलं होतं. वरतून मुलाखती सुरू करत. खालचे फॉर्म येईपर्यंत जागा भरून जात."

"पण काऊन?" सोनमच्या तोंडून कॉलेजातली मराठी निसटून गावची आली.

"म्हणत, मायबापाले नोटीस वाचता येत नाई. पोरगी बिमार पडली, कुठं गेली, तं कोणाशी बोलाचं? डोक्याले ताप नको." अच्युतकाकांनी मान खाली घातली. "अठरा वर्षं म्याच ठेवून राह्यलो खाली."

सोनम त्यांच्यावरही चिडली होती, पण एका वेळी एकच शत्रू पुरे, असं तिनं ठरवलं. ती वेगळ्याच गोष्टीनं अडखळली होती. रामबाईला कधीही सही करता आलेली नव्हती. मग सोनमचा अर्ज सहीच्या बाजूला कसा?

तिनं २०१४ चा गठ्ठा उघडला आणि स्वतःचा अर्ज काढला. तो मयुरीच्या गोल, टपोऱ्या अक्षरात भरलेला होता. सोनमनं तेव्हा फक्त बहिणीनं बोट ठेवलं तिथं सही केली होती, बाकी वाचलंही नव्हतं. पालक: नागेश कुमरे, मेहुणे. खाली नागेशभाऊजींची वळणदार सही. आई-वडील दोघंही नसतील तरच दुसऱ्या कुणाचं नाव पालक म्हणून चालतं, असं अर्जावरच छापलेलं होतं. वडिलांच्या नावापुढे 'मयत' लिहिलं होतं, ते खरंच होतं. आईच्या नावापुढेही 'मयत' लिहिलेलं होतं.

सोनम अर्ज हातात घेऊन लॅबच्या बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली आणि तिनं मयुरीला फोन लावला.

"तू मायले कागदावर मारलं?"

"सापडलं काय तो फॉर्म?" पलीकडून मयुरी म्हणाली. "म्या मायलेच विचारून लेहलं वं. माय म्हणे, लेह्य. कागदावर मेल्यानं काय होते."

"पण तुले समजलं कसं, की अंगठा नाई पाह्यजे?"

"त्या माणसानं माह्याकडे पाह्यलंच नाई ना. मार्कशीट नाई पाह्यली. फॉर्म उलटला, मायचा अंगठा पाह्यला, म्हणे, आईला नाव लिहिता येत नाही का? आन् मंग फॉर्म बंद करून बाजूले ठेवला. मले तेवढ्यात समजलं. तुया येळेले तुये भाऊजी होते सही कराले. दहावी पास हाय म्हणून तं म्या होकार देल्ला होता त्याईले."

जो नियम काढायला 'आर'ला बाराशे चाळीस अर्ज वाचावे लागले तो मयुरीला एका अर्जात कळला होता. कळल्यावर तिनं रडत न बसता धाकटीसाठी सही करणारा माणूस घरात आणला होता. त्या दिवशी सोनमला बहिणीची कीव आली नाही, माया आली आणि मधुकररावांचा आजवर आला नव्हता इतका राग आला. नुसता नियम दाखवून आता भागणार नव्हतं. त्या माणसाच्या त्या गाजलेल्या आवाजातच तो बाहेर पडायला हवा होता.

तिनं स्लाइड करायला घेतल्या तेव्हा अच्युतकाका मागं येऊन उभे राहिले. शेवटच्या स्लाइडवर दोन अर्ज शेजारी शेजारी मांडलेले त्यांनी पाहिले.

"मॅडम, तुमची ओळ काढून टाका ना. बाराशे चाळीसात एकानं काय फरक पडते?"

"काहीच नाही पडत," सोनम म्हणाली. तिनं ते करूनही पाहिलं होतं. स्वतःचा अर्ज वगळून झाड पुन्हा काढलं, तरी चारही ओळी जशाच्या तशा. झाडाला तिची गरज नव्हती.

"मंग? मयत लेहलं हाय तुमच्या मायचं. नोकरी जाईन. मार्चमधी मुलाखत हाय तुमची."

"माहीत आहे, काका."

"साहेब तुमाले सोडणार नाईत."

"सोडू नये म्हणूनच ठेवली आहे ती ओळ," सोनम म्हणाली आणि अक्षरं मोठी करत गेली, मागच्या रांगेलाही वाचता येतील इतकी.

समिती आली त्या दिवशी सभागृह भरलं होतं. पुढे समितीचे पाच जण, मधोमध अध्यक्ष डॉ. इला सरोदे, साठीच्या, बारीक, हातात पेन. मागे शिक्षक, पालक, वसतिगृहाच्या मुली. मधुकररावांनी जॅकेट नीट केलं, माइक दोनदा वाजवून पाहिला आणि सोनमला लॅपटॉपपाशी बसवून खूण केली.

पहिल्या दोन स्लाइड संस्थेच्या इतिहासाच्या होत्या. त्या त्यांनी अशा काही वाचल्या की समितीतल्या एकानं मान डोलावली. मग तिसरी आली.

"आमच्या कन्या वसतिगृहात गेली पंधरा वर्षे निवड कशी होते," मधुकररावांनी आवाज चढवला, "हे आम्ही कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर प्रत्यक्ष बाराशे चाळीस अर्जांवरून शोधले आहे! नियम पहिला! अंगठा असेल तर, नाही! एकशे शहाऐंशी अर्जांपैकी एकशे एक्याऐंशी नाकारले! नियम दुसरा! सही असेल आणि गुण..."

सभागृहात कुजबुज सुरू झाली होती. मधुकररावांना ती दाद वाटली असावी, कारण तिसरा नियम त्यांनी हात वर करून वाचला. "गुण साठच्या खाली असतील, पण शिफारसपत्र असेल तर, होय!" मागे कुणीतरी पालक मोठ्यानं "व्वा साहेब!" म्हणाला. तेव्हा कुठं त्यांचा आवाज खाली आला. त्यांनी पहिल्यांदाच पडद्याकडे नीट पाहिलं, मग सोनमकडे पाहिलं. सोनमनं शांतपणे पुढची स्लाइड लावली.

"वाचा ना," इला सरोदे म्हणाल्या. "थांबलात का?"

सवय मोठी वाईट असते. समोर अक्षरं आणि हातात माइक, मधुकरराव वाचू लागले. "एकाच घरातल्या दोन मुली. मयुरी मडावी, गुण चौऱ्याऐंशी टक्के, आई रामबाई, अंगठा. निवड, नाही. सोनम मडावी, गुण एकाहत्तर टक्के, आई मयत, पालक मेहुणे, सही. निवड, होय."

इथं ते थांबले आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. सोनम त्याच क्षणाची वाट बघत बसली होती.

"मयत?" ते गरजले. "मॅडम, हिची आई जिवंत आहे! गेल्या महिन्यात माझ्या ऑफिसात येऊन पेरू देऊन गेलीय! जिवंत आईला मेलेली दाखवून या बाईनं वसतिगृहात प्रवेश घेतला. आणि ही आम्हाला नियम शिकवणार? ही उघड फसवणूक आहे, हे नोंदवून घ्या!"

"घेते," इला सरोदे म्हणाल्या आणि त्यांनी खरंच लिहून घेतलं. मग सोनमकडे वळल्या. "हे खरं आहे?"

सोनम उभी राहिली. "खरं आहे. आई जिवंत आहे. अर्ज खोटा आहे आणि सही माझी आहे."

"बघा!" मधुकरराव म्हणाले.

"पण असं कुणी का करेल?" इला सरोदेंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी विचारलं सोनमला नव्हे, मधुकररावांना. "एकाहत्तर टक्के होते, राखीव जागा होत्या. जिवंत आईला मेलेली लिहायची गरज काय होती?"

"गरज काय म्हणजे?" मधुकरराव तावातावानं माइकमध्ये बोलले. "आईचा अंगठा लावला असता तर हिला प्रवेश मिळालाच नसता!"

माइक चांगला होता. वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. मधुकररावांनी तोंड उघडं ठेवूनच आजूबाजूला पाहिलं. वसतिगृहाच्या मुलींपैकी एकीनं शेजारणीचा हात धरला. अच्युतकाका दाराशी भिंतीला टेकून उभे होते, ते तिथंच खाली बसले. सोनमनं मधुकररावांच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. तो चेहरा पाहायला ती बारा वर्षं थांबली होती आणि आता तिला तो पोटभर पाहायचा होता.

"हेही नोंदवून घेते," इला सरोदे म्हणाल्या.

त्यानंतर सगळं भराभर झालं. समितीनं पंधरा वर्षांचे गठ्ठे ताब्यात घेतले. अच्युतकाकांचा जबाब झाला, तो त्यांनी न विचारता दिला. मधुकररावांना चौकशी होईपर्यंत रजेवर पाठवलं आणि मुलाखती त्यांच्याकडून काढून घेतल्या. सोनमलाही पत्र मिळालं: खोट्या माहितीबद्दल पंधरा दिवसांत खुलासा करावा, तोपर्यंत तास घेऊ नयेत. मार्चच्या मुलाखतीच्या यादीतून तिचं नाव वगळलेलं होतं. ते पत्र पिशवीत टाकून ती दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या एसटीत बसली.

मयुरी माहेरी आली होती, अंगणात तूर पाखडत होती. रामबाई ओसरीवर बसली होती. सोनमनं चप्पल काढून तिच्याजवळच बैठक मारली आणि सगळं सांगितलं. आवाज कसा चढवला, हात कसा वर केला, व्वा साहेब कोण म्हणालं.

मयुरीनं सूप खाली ठेवलं. "माह्यं नाव घेतलं त्यानं?"

"घेतलं. मयुरी मडावी, चौऱ्याऐंशी टक्के. माइकवर."

"समद्यायसमोर?"

"समद्यायसमोर."

"आन् मायचं?"

"आई रामबाई, अंगठा. असं."

रामबाईनं ऐकलं आणि पदरानं तोंड पुसलं. "मी जित्ती हाय हे बी सांगतलं ना पण त्यानं?" तिनं विचारलं. "त्यानंच सांगतलं माय," सोनम म्हणाली. म्हातारी मान हलवून गालातल्या गालात हसली.

"आन् तुयी नोकरी?" मयुरीनं विचारलं.

"जाईन बहुतेक."

मयुरीनं डोळे पुसले नाहीत, बहिणीला जवळ घेतलं नाही आणि झालं गेलं सोडून दे असंही म्हटलं नाही. ती सूप बाजूला सारून सोनमच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"मंग पुन्हा सांग," ती म्हणाली. "तो उभा राह्यला तिथून सांग. आन् हळू सांगजो, काही सोडू नको."